डाळ न शिजणारी विहीर

आमच्या घरामागच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तरी दुपारी दाणा न् दाणा वेगळा. चहावर तवंग धरायचा. हंड्याला आतून पांढरा थर बसायचा, तो चिंच लावून घासताना हातांची सालं निघायची. विहिरीचा गाळ काढला की पाट्या भरभरून शिंपले वर येत. समुद्र कधीकाळी तिथवर असणार आणि जाताना आपलं सामान आमच्या परसात टाकून गेला असणार. पाणी चवीला मचूळ. दुसरं पाणी मिळत असेल तर गुरंही त्याच्याकडून तोंड फिरवत.

पिण्याचं आणि रांधण्याचं पाणी आम्ही बावखलाच्या काठावरच्या विहिरीवरून आणत असू. बावखल म्हणजे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये राखलेलं पावसाच्या पाण्याचं तळं. त्याच्यामुळे आजूबाजूच्या विहिरी गोड राहत. गावातल्या सगळ्या मुली तिथे जमायच्या आणि मी दिसले की एकीला तरी कंठ फुटायचाच. "आली गं, डाळ न शिजनारीन आली!" मी सोळा वर्षांची आणि मुळातच तापट. अजूनही आहे, नातवंडांना विचारा. एकदा मी एकीच्या भरल्या हंड्यात मूठभर माती टाकली होती. त्यापायी आईने मला आठवडाभर तिच्या घरचं पाणी भरायला लावलं. पाणी भरलं, पण राग गेला नाही. देवाने साऱ्या गावाला गोड पाणी दिलं आणि नेमकी आमच्याच घरावर खप्पामर्जी केली, असं मला तेव्हा वाटायचं.

बाकी सगळ्या बाबतीत आमच्याइतकं तोऱ्यात राहणारं घर गावात नव्हतं. माग असलेलं घर आमचं एकटंच. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि रेशीम विणायचे. त्यांचे वडीलही तिथेच बसले होते, आणि त्यांचेही वडील. आम्ही ख्रिस्ती. रविवारी मिस्सा, संध्याकाळी रोझरी. आणि सोमवार ते शनिवार बाबा विणायचे ते आसपासच्या हिंदू घरांतलं सोवळं! पुरुषांचे पूजेचे कद, बायकांची सणावाराची रेशमी लुगडी. ज्या घरांत आम्हाला ओटीच्या पुढे बोलावत नसत, त्या घरांतली माणसं आमच्या मागावरचं कापड नेसल्याशिवाय देवाला हात लावत नसत. यात कुणालाच काही चमत्कारिक वाटत नसे. रेशीम विटाळत नाही, एवढं म्हटलं की प्रश्न मिटला. बाबा देवळावरून जाताना हसून म्हणायचे, "मी आत गेलो नाय कदी, पन माझं कापड रोज जातं."

विणणं बाबांचं आणि रंगवणं आईचं. आमचं नाव होतं ते मात्र आईच्या हातच्या लाल रंगामुळे. हा लाल बारतोंडीच्या झाडाच्या मुळांतून निघायचा. कामणच्या रानातून एक बाई वर्षातून एकदा, भातं कापून झाली की, डोक्यावर मुळांचा भारा घेऊन यायची आणि बदल्यात सुके बोंबील आणि मीठ घेऊन जायची. मुळं करंगळीएवढी बारीक हवीत. जाड मुळात नुसतं लाकूड, रंग नाही. भारा उतरवला की आई एकेक मूळ नखाने खरवडून बघायची आणि जाडं निघालं की बाजूला फेकायची. मग त्या दोघींचं खमंग भांडण व्हायचं, आणि शेवटी ती बाई आमच्याकडे जेवूनच जायची.

रंगवण्याची सगळी रीत मला लहानपणापासून पाठ होती. शिकवलं असं कुणी नाही. आमच्यात शिकवत नसत. बघायचं आणि हाताखाली करायचं. रेशमाच्या लडी आणल्या की आधी पापडखाराच्या पाण्यात उकळून त्यांचा चीक काढायचा. तोवर रेशीम काथ्यासारखं राठ असतं. या कामाला गोडंच पाणी लागायचं, मचूळ पाण्यात खार फुकट जायचा. ते पाणी वाहून आणायचं काम माझं. मग लडी तुरटीच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवायच्या. मग मुळांची साल कुटून, त्यात धायटीची वाळलेली फुलं टाकून तांब्याच्या मोठ्या घंगाळात गार पाण्यावर चढवायची आणि अगदी मंद आचेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लडी फिरवत बसायचं. पाण्याला उकळी येता कामा नये. आई चूल पेटवण्याआधी घंगाळातल्या पाण्यावर बोटाने क्रुसाची खूण करायची आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही. आमच्या घरात तेवढाच काय तो शांततेचा दिवस.

रंग चढला की ती एक गोष्ट न चुकता करायची. पहिल्या लडीतला वीतभर दोरा तोडून मागच्या विहिरीच्या रहाटाच्या खांबाला बांधायची. तिच्या सासूनेही बांधले होते. खांबावर लाल दोऱ्यांची गर्दी झाली होती. खालचे पावसाने कुजून काळे पडलेले, वरचे ताजे. एकदा फादर घरी आले होते, त्यांनी ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "हे कसले गंडे?" आई म्हणाली, "गंडे नाय फादर. इसरू नये म्हनून बांधते." काय विसरू नये ते फादरांनी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असताना दुसरी मोठी लढाई आली आणि रेशीम मिळेनासं झालं. माग बंद पडला. बाबा मिठागरावर जाऊ लागले. रेशमाची सवय असलेले ते हात मिठाने फाटले, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. लढाई संपल्यावर रेशीम पुन्हा यायला लागलं, पण तोवर गिऱ्हाइकं गेलेली होती. मुंबईत दुकानांतून तयार लाल, हिरवं, जांभळं, हवं ते रेशीम मिळत होतं. रंगही पुडीत मिळत होता. पाण्यात टाकला की घटकाभरात लालभडक. मिठागरावरून आले की बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसतेच बसायचे. त्यांचं हे बसणं आईला बघवत नसे.

आणि अशात वाडीवाल्या काकी आल्या.

काकी म्हणजे राजोडीच्या वाटेवरच्या एका मोठ्या वाडीच्या मालकीण, पन्नाशी उलटलेल्या, आवाज खणखणीत. त्यांच्या लग्नातलं लाल लुगडं माझ्या आजोबांनी विणलेलं आणि आजीने रंगवलेलं. त्यांच्या घरची रीत अशी की, लग्नाच्या दिवशी मुलगी देवघरात पूजेला बसते ती लाल रेशमी लुगडं नेसून, आणि तेच पुढे जन्मभर सणावाराला सोवळं म्हणून वापरते. आता धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बरोबर त्यांचा थोरला मुलगा होता, मुंबईत नोकरी करणारा. आईने मुंबईहून लुगडं घ्यावं असं त्याचं म्हणणं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं.

काकी ओटीवर बसल्या आणि पिशवीतून आपलं जुनं लुगडं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. जवळजवळ चाळीस वर्षं धुतलेलं, वाळवलेलं, आणि रंग तसाच. डोळ्यांत खुपत नाही असा लाल. सावलीत गडद, उन्हात धरला की आतून उजळणारा. "असंच हवं," त्या बाबांना म्हणाल्या. त्या बाबांना लहानपणापासून ओळखत असल्यामुळे अरेतुरेच करत. "विणून झालं की मी येईन आणि दोन्ही शेजारी ठेवून बघेन. एक रंग असला तर घेईन, नसला तर नाही घेणार. तुझ्या बापाकडे बघून तोंडदेखलं काही घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"तसंच करा, काकी," बाबा म्हणाले.

त्या गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "ह्ये लग्नात शंभर बायका बघतील. ह्ये पसंत पडलं तर माग चालला. नाय तर लाकूड इकून टाकू, आन मी कायमचा मिठावर." आईने पदर खोचला आणि माळ्यावरून मुळांचा भारा खाली काढला. मुळं दोनदा रंगवण्यापुरती होती. पुढचा भारा यायला अजून सात-आठ महिने.

चीक काढण्याच्या आदल्या दिवशी आईला हिवताप भरला. दिवसाआड हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. आणि मधल्या दिवशी मान वर करायची ताकद नसे. लग्नाची तारीख थांबणार नव्हती. मी बाबांना म्हटलं, "मी रंगवते." बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला राग आला. "सगळं येतं मला," मी म्हटलं. आणि खरंच येत होतं.

आता माझी अक्कल ऐका. चीक काढायला मी बावखलावरून गोडं पाणी आणलं. रेशीम असं मऊ, असं पांढरंशुभ्र निघालं की मी हरखून गेले. मग तुरटी झाली. मग रंगाची पाळी आली, आणि मी मागच्या विहिरीवर कळशी घेऊन गेले. रहाटाला हात घातला आणि खाली त्या पाण्याकडे बघितलं. मनात आलं, हे लुगडं देवघरात जायचं. आमच्या घराचं नशीब त्याच्यावर. आणि ते मी गुरंही पीत नाहीत त्या पाण्यात बुडवू? गोड्या पाण्यात रेशीम एवढं सुंदर झालं, तर रंग किती सुंदर होईल! आईला लांबून पाणी वाहायचा कंटाळा, म्हणून ती दाराशी आहे ते वापरते, अशी मी आपली समजूत करून घेतली. मला नव्हता कंटाळा. मी भल्या पहाटेपासून नऊ हंडे पाणी वाहून आणलं. बावखलावरच्या मुली म्हणाल्या, "काय गं, आज डाळीचं जेवन घालतेस का गावाला?" मी म्हटलं, "बघालच." मान ताठ करून चालले, दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर.

पाण्यावर क्रुसाची खूण केली. चूल पेटवली. दिवसभर कुणाशी बोलले नाही. आच वाढू दिली नाही, लडी एकसारख्या फिरवल्या, एकदाही हात थांबवला नाही. दुपारपर्यंत रंग यायला हवा होता. आला तो मातकट. मी म्हटलं, अजून चढेल. तिसऱ्या प्रहरी विटकरी झाला. संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलुसची, सांजप्रार्थनेची घंटा वाजली तेव्हा मी लडी बाहेर काढून उन्हाच्या शेवटच्या तिरीपेत धरल्या. फुटलेल्या कौलाचा रंग. त्याला लाल म्हणायला फार मोठं मन लागलं असतं.

मी त्या परसातल्या दोरीवर टाकल्या आणि विहिरीच्या काठावर बसून रडले. रहाटाच्या खांबाला दोरा बांधायची हिंमत झाली नाही. बाबा मिठागरावरून आले, त्यांनी दोरीवरच्या लडी बघितल्या, एक हातात घेतली, पुन्हा जागेवर ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हात धू. जेवून घे."

आईला आम्ही काही सांगितलं नाही. तिचा तापाचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा मुलगा काम कुठवर आलं ते बघायला आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी म्हटलं नसतं. त्याने दोरीवरच्या लडी बघितल्या आणि काय झालं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने खिशातून एक पुडी काढून ओटीवर ठेवली. बहुधा घरूनच तयारीने आला होता. "ह्यात घाला," तो बाबांना म्हणाला. "तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. आईला आता पूर्वीसारखं दिसत नाही. लाल आहे एवढं दिसलं की तिचं समाधान. तुमचंही काम होईल, आमचंही."

बाबा खाली बघत होते, आपल्या हातांकडे. पेरांवरच्या त्या चिरांत मीठ बसून पांढऱ्या रेघा झाल्या होत्या. मला वाटलं, आता हो म्हणतील. खरं सांगते, मला ते हो म्हणायला हवेही होते, कारण मग माझी चूक झाकली गेली असती. बाबांनी पुडी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"काकींना दिसत नसंल," ते म्हणाले, "मला दिसतं."

तो गेला. आतून आईची हाक आली. ओटीवरचं बोलणं तिने पडल्या पडल्या ऐकलं होतं. "काय दिसतं? आन इकडं लडी."

मी लड नेऊन तिच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आईने ती उजेडात धरली, बोटांत चोळली, हुंगली. मला वाटलं विचारेल, तुरटी किती घातलीस, आच किती ठेवलीस. तिने विचारलं, "पानी कुठलं?"

"गोडं," मी म्हटलं. "बावखलावरचं. नऊ हंडे आणले. एकटीने."

एवढं होऊनही नऊ हंड्यांचा तोरा माझ्या आवाजात होताच. आई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग हसायला लागली. अंगात कण नाही आणि ही हसते आहे, हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी. "अगं बये," ती म्हणाली, "ज्या पान्यात डाळ शिजते, त्या पान्यात आपला लाल येत नाय!"

"मग सांगितलं का नाहीस कधी?" माझा संताप आणि रडं एकदमच बाहेर आलं.

"दाराशी इहीर असताना नऊ हंडे लांबून वाहनारी पोरगी माज्या पोटी येल, हे मला काय ठावं!" मग तिचं हसू थांबलं. तिने माझा हात धरला. तिचा हात अजून गरम होता. "त्या खांबाला दोरे कशाला बांधते मी? माज्या सासूनं सांगितलं होतं, ह्या इहिरीला कोन चांगलं म्हननार नाय, तू इसरू नको. नाव आपलं होतं, पन रंग तिचा हाय."

पुढे माझ्या मुलाने कॉलेजात रसायनशास्त्र शिकून मला समजावलं की शिंपल्यांचा चुना पाण्यात उतरतो आणि त्या चुन्यामुळे मुळातला लाल रेशमाला धरतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीला हे फी न भरता माहीत होतं.

उरलेली मुळं एकदाच पुरणार होती. ही वेळ चुकली तर पुन्हा संधी नव्हती. ताप नसलेल्या पुढच्या दिवशी आई गोधडी पांघरून परसात भिंतीला टेकून बसली, आणि तिने एका शब्दाने मला काही सांगितलं नाही. मी रहाट ओढला. तो करकरत होता, लाल दोरे माझ्या डोळ्यांसमोर हलत होते. ते बिनकामाचं, डाळ न शिजवणारं, हंडे पांढरे करणारं पाणी मी घंगाळात ओतलं. क्रुसाची खूण केली. त्याच विटकरी लडी पुन्हा बुडवल्या.

दुपारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा मी एक लड काठीने वर उचलली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. न बोलण्याचा नियम तिथेच मोडला. लाल! माझ्या मनगटावरून लाल थेंब ओघळत होते. अजून चढायचा होता, पण तोच होता, आपला लाल. मी आईकडे वळून बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे फिरवत राहा. मी फिरवत राहिले आणि मला इतका अभिमान वाटत होता, इतका, की आज सत्तरी उलटल्यावरही तो दिवस आठवला की माझी पाठ ताठ होते. मुलं झाली, नातवंडं झाली, गावात शाळेच्या कार्यक्रमात शाल मिळाली. पण त्या घंगाळापुढे बसले होते तेवढी मोठी मी पुन्हा कधी झाले नाही.

संध्याकाळी मी पहिल्या लडीतला वीतभर दोरा तोडला आणि खांबाला बांधला. गाठ दोनदा मारली.

बाबांनी मिठागरावरून रजा घेतली. विहिरीच्या लालावर डाळिंबाच्या सालीचा पिवळा काठ. मी कांड्या भरत होते, ते धोटा फेकत होते. फाटलेल्या बोटांत रेशमाचा धागा अडकायचा म्हणून ते रोज सकाळी बोटांना खोबरेल चोळून बसत. पहिल्या दिवशी धागा चारदा तुटला, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तुटला नाही. कितीतरी वर्षांनी घरात फणी ठोकल्याचा आवाज घुमत होता आणि आई त्या आवाजात बरी झाली. क्विनाइनही घेत होती म्हणा.

ठरल्या दिवशी काकी बैलगाडीतून आल्या, मुलाला घेऊन. बाबांनी परसात चटई घातली, स्वच्छ उन्हात. काकींनी आधी आपलं लुगडं उलगडून ठेवलं आणि बाबांनी त्याच्या शेजारी नवीन. मग बाबा दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. 

काकी वाकून बघत राहिल्या. आपल्या पदराचं टोक पाण्यात भिजवून त्यांनी नवीन लुगड्यावर घासलं आणि निरखलं. टोकाला लाल लागला नाही. कापड उलटं केलं. उन्हात धरलं, सावलीत धरलं.  मग त्यांनी दोन्ही लुगडी घड्या घालून मांडीवर घेतली, खालीवर केली आणि मुलासमोर धरली. "सांग, ह्यातलं माझं कुठलं?"

मुलाने चष्मा सारखा केला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि बोट ठेवलं ते नव्यावर.

काकी अशा मोठ्याने हसल्या की गाडीचे बैल दचकले. "मला दिसत नाही म्हणतोस काय रे?" म्हणजे पुडीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती तर. मुलगाही ओशाळून हसला. काकी बाबांकडे वळल्या. "थोरल्या सुनेलाही एक हवं, पुढच्या वर्षी गौरीच्या आधी. आणि माग मोडायचं तुझ्या डोक्यात आहे असं ऐकते, ते काढून टाक."  बाबांनी मान हलवली आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

"रंग कुणी दिला?" काकींनी विचारलं.

"पोरीनं," बाबा म्हणाले.

"आधी बिघडवला, मग दिला," दारातून आई म्हणाली, आणि माझी सगळी फजिती, नऊ हंड्यांसकट, तिने काकींना मीठमसाला लावून सांगितली. मी लाल झाले ते लुगड्याहून जास्त. काकी ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्या उठल्या आणि विहिरीपाशी गेल्या. खांबावरचे दोरे त्यांनी बोटांनी बाजूला करून बघितले, काळे, मग विटलेले, मग माझा.

"ह्यात माझ्या लुगड्याचाही असेल," त्या म्हणाल्या.

"असंल ना," आई म्हणाली. "तळाला कुठं तरी."

काकींनी वाकून विहिरीत बघितलं. मग मला म्हणाल्या, "पाणी दे गं मुली."

मी गोंधळले. काकींच्या घरच्या माणसांनी आमच्याकडे कधी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. यायचे, ओटीच्या कडेला बसायचे, कापड घेऊन जायचे. बाबांनी वर बघितलं. मुलगा "आई" म्हणाला आणि थांबला. "देते, काकी," मी म्हटलं, "थांबा, घरातून गोडं आणते. हे प्यायचं नाही."

"मला हेच हवंय."

मी रहाट ओढला. कळशी वर आली, तिच्या कडेला लाल दोरे घासले. काकींनी पदर सावरला, वाकल्या आणि ओंजळ धरली. मी ओतलं. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की आईने पदर तोंडाला लावला.

"शी!" काकी म्हणाल्या. "किती वाईट पाणी आहे गं हे!"

आणि त्यांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.